टिपणाखाली कोणाची सही?

महाराष्ट्रात जमिनीची गोष्ट निघाली की तोंडी गुंठाच येतो. सातबाऱ्यावर हेक्टर-आर येऊन कित्येक वर्षे झाली, तरी आर जवळजवळ गुंठ्याएवढाच असल्याने कोणाचे काही अडले नाही. पण गुंठा १०८९ चौरस फुटांचाच का, सरळ हजाराचा का नाही, असे विचारले की मोठमोठे जमीनवालेही थबकतात. उत्तर एका साखळीत आहे. मुंबई इलाख्याच्या महसुली मोजणीत जी साखळी चालली ती ३३ फूट लांबीची होती; तिचे सोळा भाग, प्रत्येक भाग एक आणा. या साखळीचा चौरस म्हणजे गुंठा, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे बरोबर एक एकर. त्याआधीची पाच हात पाच मुठींची काठी, वीस काठ्यांचा पांड, वीस पांडांचा बिघा, हे सगळे या साखळीने मागे सारले.

साखळी आणणाऱ्यांची नावे सापडायला अडचण नाही. गोल्डस्मिड हा मुलकी अधिकारी, विंगेट हा बाँबे इंजिनिअर्सचा लेफ्टनंट. १८३५ मध्ये त्यांनी इंदापूर तालुका हाती घेतला, १८३६ पासून तिथे तीस वर्षांची जमाबंदी लागू झाली, आणि १८४७ मध्ये डेव्हिडसनसह त्यांनी लिहिलेला संयुक्त अहवाल पुढे सबंध इलाख्याच्या मोजणीचा पाया ठरला. गोल्डस्मिडला इंग्रजी चरित्रकोशात स्वतंत्र नोंद आहे. पण साखळीचे दुसरे टोक ज्याने धरले, टिपणावर, म्हणजे शेताच्या हाताने काढलेल्या आराखड्यावर, आकडे ज्याने मांडले, खड्डा घेऊन माती किती हात खोल आहे हे ज्याने पाहिले, त्याला कुठल्याच कोशात जागा नाही. त्याचे नाव कधी लिहिलेच गेले नाही, असे मात्र समजू नये. जिथे ते लिहिले गेले तो कागद आपण इतिहासाचा कागद मानत नाही, एवढेच. माझे म्हणणे सरळ आहे. वसाहतकाळातल्या भूमापकांचा अभ्यास साहेबाच्या चरित्रापासून सुरू करून भागत नाही, तो मोजणीच्या कागदापासून सुरू करावा लागतो. आणि तसे करता यावे म्हणून तालुक्या-तालुक्यांतली मूळ टिपण-पुस्तके अभिलेखागाराच्या शिस्तीत आणून अभ्यासकांना खुली केली पाहिजेत.

आजवरचा रुळलेला रस्ता उलटा आहे. सर्व्हे ऑफ इंडियाच्या इतिहासाचा आधारग्रंथ म्हणजे कर्नल फिलिमोर यांचे पाच जाडजूड खंड. पहिला १९४५ चा, पाचवा १९६८ चा. त्यातला पाचवा उत्तर सीमेच्या तपशिलांमुळे छापूनही मागे घेतला गेला. प्रत्येक खंडाच्या शेवटी चरित्रात्मक नोंदी आहेत: जन्म, बाप्तिस्मा, पलटण, बढत्या, रजा, लग्न, मृत्यू. काम अफाट आहे आणि त्याच्याशिवाय कोणाचे पान हलत नाही. त्यात राधानाथ शिकदार आणि आर्काटचे यंत्रकार सय्यद मोहसीन हुसेन यांचीही दखल आहे. पण नोंदींचा साचा अधिकाऱ्याच्या सेवापटावरून घेतलेला असल्याने, ज्याचा सेवापट नाही तो माणूस त्या साच्यातून गळून पडतो. नंतरच्या अभ्यासकांनी त्या नोंदीच आधाराला घेतल्या आणि गळती कायम राहिली.

देशाची त्रिकोणमितीय मोजणी सुरू करणाऱ्या विल्यम लॅम्बटनचेच पाहा. १८०२ च्या एप्रिलमध्ये मद्रासजवळच्या सेंट थॉमस माउंटपाशी त्याने साडेसात मैलांची पायारेषा मोजली. शंभर फुटांची पोलादी साखळी, तिला अडीच-अडीच फुटांच्या चाळीस कड्या, आणि सत्तावन्न दिवसांचे काम. अर्धा टन वजनाचा थिओडोलाइट, म्हणजे कोन मोजण्याचे यंत्र, त्यानंतर डोंगरांवर आणि देवळांच्या शिखरांवर चढत राहिला. १८०८ मध्ये तंजावरच्या मोठ्या देवळावर चढवताना दोर सुटून तो आदळला आणि त्याचे वर्तुळ वाकले, ही गोष्ट सगळीकडे वाचायला मिळते. लॅम्बटनने ते वर्तुळ स्वतः ठोकून-ओढून कसे सरळ केले हेही मिळते. तो अर्धा टन वर ओढणारे हात कोणाचे होते, हे विचारण्याची पद्धत नाही. १८२३ च्या जानेवारीत हैदराबादहून नागपूरकडे जाताना वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटला तो वारला आणि तिथेच त्याला पुरले. पुढे त्याच्या जागी आलेला जॉर्ज एव्हरेस्ट १८१९ मध्ये कृष्णा-गोदावरीच्या मधल्या जंगलात तापाने पडला, त्याचे वर्णन त्याच्या प्रत्येक चरित्रात सापडते. त्याच्याबरोबरची दीडशेच्या आसपास माणसेही आजारली आणि त्यांतली पंधरा हैदराबादेला पोचण्याआधी दगावली. ती पंधरा कोणत्या गावची?

इथे शब्दांची एक गंमत सांगून पुढे जातो. सर्व्हेच्या जुन्या कागदांत डोंगरावर झेंडा धरून आठवडेच्या आठवडे बसणाऱ्या माणसाला ‘खलाशी’ म्हटले आहे आणि त्यांच्या म्होरक्याला ‘टिंडल’. हा टिंडल म्हणजे कोकणातला आपला तांडेल. जहाजावर दोर, डोलकाठी आणि कप्पी हाताळणारी माणसेच थिओडोलाइट शिखरावर चढवायला उपयोगी, म्हणून गलबतावरची पदे समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या माळावर जाऊन बसली. इंग्रजी सूचीत ‘नेटिव्ह असिस्टंट’ असा शोध घेणाऱ्याला काही मिळत नाही. टिंडल, खलाशी, लस्कर, हरकारा, फ्लॅगमन हे शब्द घेऊन पगारपत्रके चाळणाऱ्याला निदान डोकी मोजता येतात.

साहेबपूजेला उत्तर म्हणून आपण जे केले तेही फारसे शहाणपणाचे नाही. एका देशी माणसाला उचलून साहेबाच्या चौथऱ्यावर बसवले. राधानाथ शिकदार १८३१ मध्ये तीस रुपये महिन्यावर सर्व्हेत संगणक, म्हणजे आकडेमोड करणारे, म्हणून लागले आणि पुढे मुख्य संगणक झाले. एव्हरेस्ट शिखराची कथा आपल्याकडे अशी चालते: १८५२ मध्ये शिकदार धावत साहेबाच्या खोलीत शिरले आणि म्हणाले, जगातले सर्वांत उंच शिखर सापडले. कथा छान आहे, पण कागदांशी जुळत नाही. पंधराव्या क्रमांकाच्या त्या शिखराची निरीक्षणे निकोल्सनने १८४९-५० मध्ये बिहारच्या मैदानातल्या सहा ठाण्यांवरून घेतली होती, शंभर मैलांहून अधिक अंतरावरून. शिकदार १८४९ पासून कलकत्त्यात होते, तर हिमालयातल्या शिखरांची मुख्य आकडेमोड डेहराडूनच्या कचेरीत चालू होती. सहा ठाण्यांवरून सहा उंच्या निघतात. प्रत्येकीत पृथ्वीच्या गोलाईची आणि हवेतून वाकणाऱ्या किरणाची सुधारणा करायची, ठाण्यांची स्वतःची उंची तपासायची, मग सरासरी काढायची. २९,००२ फूट हा आकडा सर्व्हेचा प्रमुख वॉ याने जाहीर केला तो १८५६ मध्ये. इतकी वर्षे इतक्या मेजांवर चाललेल्या कामात ‘सापडले!’ म्हणून ओरडण्याचा क्षण बसवायला जागाच नाही.

या कथेच्या गोंगाटात शिकदारांचे जे खरोखर कागदावर आहे ते मागे पडते. १८४३ मध्ये डेहराडूनला तिथल्या मॅजिस्ट्रेटने सर्व्हेच्या मजुरांकडून आपले सामान वाहून घेतले. शिकदारांनी ते सामान अडवून ठेवले आणि मजुरांना राबवल्याबद्दल लेखी मागितले. खटला चालला आणि शिकदारांना दोनशे रुपये दंड झाला. सर्व्हेच्या हमालांच्या बाजूने त्याच खात्यातला वरचा माणूस उभा राहिल्याचा इतका स्पष्ट पुरावा दुसरा चटकन सापडणार नाही. दुसरी गोष्ट पुस्तकाची. स्मिथ आणि थुलियर यांच्या १८५१ च्या भूमापन-मार्गदर्शिकेत गणिती प्रकरणांबद्दल शिकदारांचे आभार छापलेले होते. १८७० मध्ये ते वारले आणि १८७५ च्या तिसऱ्या आवृत्तीतून तो उल्लेख नाहीसा झाला. त्यावर वर्तमानपत्रात टीकाही झाली. दोन आवृत्त्यांच्या प्रस्तावना शेजारी ठेवल्या की ही चोरी कोणालाही दिसते, त्यासाठी कसल्या दंतकथेची गरज नाही.

आता आपल्या घरच्या कागदांकडे येऊ. मुंबई इलाख्यातल्या मूळ मोजणीचे प्रत्येक सर्व्हे नंबरमागे काही ठरावीक कागद असतात: टिपण, गुणाकार बुक, प्रतबंदीचे म्हणजे जमिनीची प्रत ठरवण्याचे कागद, वसलेवार, आणि शेवटी क्षेत्र व सारा नोंदणारा आकारबंद. भूमी अभिलेख कचेरीत हे शब्द रोजचे आहेत, इतिहासाच्या वर्गात मात्र ते कोणी उच्चारत नाही. टिपण म्हणजे शेताचा हाताने काढलेला आराखडा. तो मापाला धरून काढलेला नसतो. आकृती अंदाजाने, आकडे मात्र मोजलेले. शेताच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पायारेषा टाकायची, शंकू नावाच्या उपकरणाने काटकोन साधून दोन्ही बाजूंच्या कोपऱ्यांपर्यंत लंब घ्यायचे, आणि पायारेषेवर लंब कुठे पडला व त्याची लांबी किती, हे साखळी-आण्यात लिहायचे. गुणाकार बुकात त्याचेच क्षेत्रफळ होते. पायारेषा साडेबारा साखळ्या, एका बाजूचा लंब चार साखळ्या, दुसऱ्या बाजूचा सव्वातीन. पहिला त्रिकोण पंचवीस गुंठे, दुसरा वीस गुंठे पाच आणे, एकूण एक एकर पाच गुंठे पाच आणे. साखळीचा चौरस हाच गुंठा असल्याने रूपांतर करावेच लागत नाही. पद्धत बसवणाऱ्याचे डोके इथे दिसते, आणि ती शेकडो माणसांना शिकवता आली ती याच सोपेपणामुळे.

नवा अभ्यासक पहिली ठेच इथेच खातो. टिपणात ‘५-१२’ असा आकडा असतो. तो दशांश समजून वाचला तर १६९ फूट होतात. खरा अर्थ पाच साखळ्या बारा आणे, म्हणजे पावणेसहा साखळ्या, जवळजवळ १९० फूट. एका बाजूत एकवीस फुटांची चूक, आणि मग ‘जुनी मोजणी कशी ढिसाळ होती’ यावर लेख तयार. ढिसाळपणा वाचणाऱ्याचा असतो.

मोजणीतल्या खऱ्या चुका वेगळ्या आणि जास्त बोलक्या आहेत. साखळीच्या कड्या घासून प्रत्येक जोड केसभर सैल होतो. तेहतीस फुटांत दोन इंच वाढ झाली तरी लांबीत अर्ध्या टक्क्याचा आणि क्षेत्रात एक टक्क्याचा फरक पडतो. चाळीस एकरांच्या नंबरात सोळा गुंठे. साखळी लांबलेली असेल तर जमीन कागदावर कमी भरते. उतारावर साखळी जमिनीला चिकटवून ओढली तर उलट होते, क्षेत्र जास्त भरते. म्हणून एखाद्या गावातले एका मोजणीदाराचे सगळे नंबर एकाच बाजूला चुकत असतील तर ती लबाडी नसून साखळी तपासली न गेल्याची खूण असते. एकाच शेतकऱ्याचे नंबर तेवढे कमी भरत असतील तर गोष्ट निराळी. हा फरक ओळखण्यासाठी कोणते टिपण कोणाच्या हातचे हे कळावे लागते. सही आणि तारीख जिथे शिल्लक आहेत तिथे प्रश्न नाही. जिथे नाहीत तिथे मोडीचे वळण, आकड्यांचा डौल, बाणाचे टोक काढण्याची सवय यांवरून हात वेगळे काढता येतात. गावातले वीस नंबर घेऊन टिपणावरून क्षेत्र स्वतः काढायचे, ते गुणाकार बुकाशी आणि मग आकारबंदाशी ताडायचे. टिपण व गुणाकार यांत फरक पडला तर चूक आकडेमोड करणाऱ्याची, गुणाकार व आकारबंद यांत पडला तर नक्कल करणाऱ्याची, नाहीतर मधे कमी-जास्त पत्रक, म्हणजे अधिकृत दुरुस्ती, झालेले. चार-पाच दिवसांच्या या कामातून एका कचेरीतल्या तीन-चार माणसांचे स्वभाव समोर येतात. चरित्र यापेक्षा वेगळे ते काय असते?

प्रतबंदी तर याहून माणसाळलेली. मातीचे तीन प्रकार, खोली हातांत मोजायची, नऊ प्रती. उत्तम काळी आणि पावणेदोन हात खोल असेल तर सोळा आणे, तिथून उतरत उतरत दोन आण्यांपर्यंत. शेताचे भाग पाडून प्रत्येक भागात वेगळी परीक्षा. चुनखड, वाळू, उतार, पाणी न मुरणे, वाहत्या पाण्याने धुपणे, पाणी साचून राहणे वगैरे सात दोष खुणांनी दाखवायचे, आणि प्रत्येक दोषाला एक प्रत खाली. नियम कितीही बारीक असला तरी शेवटी निवाडा एका माणसाच्या बोटांत होता. माती चोळून पाहणारा तो माणूस बहुधा कमी पगाराचा, भाकरी गावातल्या कोणाच्या तरी ओसरीवर खाणारा. त्याच्यावर निमतानदाराची तपासणी, तिच्यावर साहेबाची. या तपासण्यांचे कागद सापडले तर प्रत कोणी बदलली, वर की खाली, कोणाच्या शेतात, हे सगळे दिसते. ३० वर्षांनी इंदापूर-भीमथडीची फेरजमाबंदी झाली, आकार म्हणजे सारे वाढले, आणि १८७५ मध्ये सुप्याला सावकारांच्या वह्या जळाल्या. त्या दंग्यांवर ढीगभर लिहिले गेले आहे. त्या आकारामागच्या प्रतबंदीच्या पुस्तकांवर जवळजवळ काही नाही.

देशी मोजणीदारांबद्दल छापील अहवालांत जे सापडते ते बहुतेक करून शिव्या. विंगेटच्या आधी प्रिंगलने पुणे प्रांतात मोजणी केली होती. खर्च वजा जाता उरणाऱ्या उत्पन्नाच्या ५५ टक्के सरकारचे, असा त्याचा हिशेब. प्रत्येक प्रतीच्या जमिनीचे पीक, मशागतीचा खर्च, भाव यांचे आकडे गोळा करून तो काढायचा होता. १८३० च्या सुमारास हे दर लागू झाले आणि काही वर्षांत माणसे जमिनी टाकून जाऊ लागली. खापर फुटले ते ‘नेटिव्ह कारकुनांच्या लाचखोरीवर’. लाच चालली असेलच; मोजणीच्या वेळी ती कुठे चालत नाही? पण ज्या योजनेसाठी शेतकऱ्याच्या पोटखर्चाचा आकडा हवा होता आणि जो आकडा कोणालाच ठाऊक नव्हता, ती योजना कितीही प्रामाणिक कारकून असते तरी कोसळलीच असती. अहवाल लिहिणाराच आरोपीही असतो आणि न्यायाधीशही. त्याचा निकाल तसाच उचलायचा नसेल तर ज्यांच्यावर ठपका ठेवला त्यांनी भरलेले कागद हवेत.

ते शोधायचे कसे? क्रम महत्त्वाचा. आधी तालुका ठरवावा, माणूस नव्हे. मग त्या तालुक्याच्या जमाबंदीचा छापील अहवाल वाचावा. मुंबई सरकारच्या ‘सिलेक्शन्स’ मालेत असे शेकडो आहेत. त्यातून वर्षे, अधिकारी आणि तुकडी कळते. मग मुंबईच्या राज्य अभिलेखागारातले महसूल खात्याचे त्या वर्षांचे खंड. तिथे मोठ्या पत्रव्यवहारापेक्षा मागे जोडलेली फालतू वाटणारी पत्रके आधी पाहावीत: नेमणुका, पगारवाढ, रजा आणि मुख्य म्हणजे पेन्शनचे अर्ज. पेन्शन देताना सरकारला तोतया नको असतो, म्हणून अर्जदाराचे नाव, बापाचे नाव, जात, गाव, वय, नोकरीची वर्षे, अंगावरच्या खुणासुद्धा लिहून घेतलेल्या असतात. सेवापट नसलेल्या माणसाचा सेवापट इथे सापडतो. ‘अमुक बिन तमुक’ असे नाव मिळाले की तालुक्याकडे, टिपणांकडे वळावे. साहेबांसाठी लंडनच्या इंडिया ऑफिस रेकॉर्डमध्ये पदांनुसार मालिका लावलेल्या आहेत: कॅडेटचे कागद एल/मिल/९, मुंबई इलाख्यातले बाप्तिस्मा-लग्न-दफन एन/३, मृत्युपत्रे एल/एजी/३४. मृत्युपत्रे वाचावीतच. हिंदुस्थानी बायका आणि त्यांची मुले, जी चरित्रांतून पुसली गेली, ती तिथे रकमांसकट हजर असतात.

वर्षांचा घोळ हमखास होतो. मराठी कागदावर फसली सन असतो. दख्खनच्या फसलीत ५९० मिळवले की इसवी सन येतो आणि वर्ष मृगाला सुरू होते, म्हणजे फसली १२४५ हे १८३५ च्या जूनपासून पुढचे. उत्तर हिंदुस्थानच्या कोष्टकावरून ५९२ मिळवणारे दोन वर्षे पुढे जाऊन बसतात आणि मग जमाबंदीनंतर मोजणी झाल्याचा चमत्कार त्यांना दिसतो. शुहूर सनात ५९९ मिळवायचे. नकाशांचेही तसेच. सर्व्हे ऑफ इंडियाच्या एकोणिसाव्या शतकातल्या पत्रकांवरचे रेखांश मद्रास वेधशाळेच्या जुन्या मूल्यावर बेतलेले आहेत. ते मूल्य जवळजवळ अडीच मिनिटांनी जास्त होते. पुण्याच्या अक्षांशावर हा फरक सव्वाचार किलोमीटर भरतो. पत्रकाच्या समासात बारीक अक्षरांत तशी सूचना छापलेली असते, पण स्कॅन करणाऱ्याने समास कापलेला असतो. मग जुने गाव नदीपलीकडे सरकलेले दिसते आणि कोणीतरी पुनर्वसनाचा सिद्धांत मांडतो. महसुली गावनकाशे तर सुरुवातीला त्रिकोणमितीच्या जाळ्याला बांधलेलेच नव्हते. एका इंचाला वीस साखळ्या या मापाने प्रत्येक गाव स्वतंत्र कागदावर बसवले. म्हणून आज ते शेजारी-शेजारी ठेवले की शिवेवर कुठे फट पडते, कुठे एकावर एक चढते. त्यात गूढ काही नाही.

मोजणीच्या खुणांचे अर्थ विसरले की काय होते याचे ठळक उदाहरण नागपुरात उभे आहे. झिरो माइलचा खांब देशाचा मध्यबिंदू दाखवतो, असे शाळेतल्या मुलालाही पाठ असते. शेजारच्या दगडावर लिहिले आहे की ही १९०७ ची प्रमाण तलचिन्हाची खूण आहे. समुद्रसपाटीपासूनची उंची सांगणारी. उंचीच्या खुणेचा मध्याशी काय संबंध?

आता मागणीकडे. टिपण-पुस्तके आज भूमी अभिलेख खात्याच्या ताब्यात, बहुतेक ठिकाणी उपअधीक्षकांच्या कचेरीत आहेत. ती खुली करण्याविरुद्ध पहिला आक्षेप असा की हे चालू, कायदेशीर कागद आहेत. हद्दीच्या वादात आजही टिपण काढले जाते, उद्या कोणी आकडा खोडला तर? भीती खोटी नाही. पण तो धोका सगळ्यात मोठा केव्हा असतो? कागदाची एकच प्रत असते आणि ती कशी होती याचा दुसरा पुरावा कुठेच नसतो तेव्हा. मूळ प्रत कुलपात ठेवा, अभ्यासकाला प्रतिमा द्या. १९०० च्या आधीची मूळ मोजणी एवढीच मर्यादा घाला. नंतरच्या फाळण्या आणि हिस्से, ज्यांत आजची भांडणे आहेत, ते बाजूला ठेवा. महाराष्ट्राने २००५ मध्ये सार्वजनिक अभिलेखांचा स्वतंत्र कायदा केला आहे. त्याचा हेतू धूळ राखणे हा नव्हता.

दुसरा आक्षेप खात्यातूनच येतो: स्कॅनिंग तर झाले, होत आहे. झाले, पण ते नक्कल देण्याच्या सोयीने. सर्व्हे नंबर टाकला की एक पान पडद्यावर येते. पुस्तकाचे मुखपृष्ठ, पहिल्या पानावरचा मोजणीदार व तपासनीस यांचा शेरा, पाठीमागची बेरीज, कोरी सोडलेली पाने यांना सर्व्हे नंबर नाही, म्हणून त्यांची प्रतिमाही नाही. नकलेला ती लागत नाहीत. इतिहासाला नेमकी तीच लागतात. पुस्तक अखंड, दोन्ही बाजूंनी, रंगीत, शेजारी मोजपट्टी ठेवून टिपावे, आणि सूचीत गाव, नंबर यांबरोबर मोजणीदाराचे नाव, तारीख, लिपी आणि तपासनीस हे चार रकाने असावेत. मोडी वाचणारे लोक यासाठी लागतील. दरसाल मोडीचे वर्ग भरतात, शिकलेल्यांना पुढे काम मिळत नाही. ते काम हे आहे.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आणि मला पुष्कळसा मान्य. ही मोजणी लोककल्याणासाठी झालेली नव्हती, सारा वसूल करण्यासाठी झाली; मग तिच्या कारागिरांचे गोडवे कशाला? गोडवे नकोतच. मोजणीदार हा सरकारचा हात होता, आणि तोच गावचा नातलगही. कुलकर्ण्याचा भाचा साखळी धरून आला की पाटलाचा बांध कुठे सरकतो, याचे उत्तर ‘वसाहतवादी ज्ञानव्यवस्था’ अशा शब्दांत मिळत नाही. ते त्या गावच्या टिपणात, त्या माणसाच्या हातचे मिळते. साम्राज्याने देश मोजला असे आपण म्हणतो तेव्हा मोजणारे बहुतेक आपलेच होते, हे गैरसोयीचे सत्य टाळायला चरित्रे फार उपयोगी पडतात, साहेबांचीही आणि आपल्या वीरांचीही.

नकाशांच्या बाबतीत आपण हा धडा महागात शिकलो आहोत. १९६७ च्या धोरणाने किनारा आणि सीमेपासून ८० किलोमीटरच्या पट्ट्यातले तपशीलवार नकाशे निर्बंधित केले. कोकण जवळजवळ सबंध त्यात आले. मग पुढे रत्नागिरीचा अभ्यास करणारा विद्यार्थी अमेरिकन लष्कराने सर्व्हे ऑफ इंडियाच्याच पत्रकांवरून तयार केलेले नकाशे टेक्सास विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून फुकट उतरवून घेऊ लागला. २०२१ मध्ये निर्बंध सैल झाले, पण मधल्या पन्नास वर्षांत आपल्या भूगोलाची सवय परदेशी प्रतींची झाली. टिपणांच्या बाबतीत ही पळवाटही नाही. त्यांची प्रत लंडनला गेलेली नाही, टेक्सासलाही नाही.

जाड देशी कागदाची चार पदरी घडी घातलेले टिपण नकलेसाठी मागितले की ते उघडतात, टेबलावर सपाट करतात आणि पुन्हा त्याच घडीवर मिटतात. पायारेषा शेताच्या मधून जाते आणि घडीही कागदाच्या मधून. त्यामुळे सगळ्यात आधी फाटते ती पायारेषा, आणि तिच्यावर मांडलेले साखळी-आणे.